पायात चमक भरली तर : दिंडीकऱ्यांशी चार शब्द

(शतक महोत्सवी वर्षात, वारीला निघण्याच्या महिनाभर आधी, एकादशीच्या कीर्तनानंतर गावच्या मंदिरात केलेले भाषण. बोलले तसेच छापले आहे.)



कीर्तन झालं, हार-नारळ झाला, फराळाची पानं मांडायची वेळ झाली आणि हा म्हातारा पुन्हा उभा राहिला, म्हणून कंटाळू नका. थोडं बसा. दिंडीच्या मंडळींनी आम्हाला सांगितलं होतं, यंदा शंभरावं वर्ष आहे, दिंडीच्या इतिहासावर बोला. इतिहास बोलणारी जाणती माणसं आहेत, ती बोलतील. आम्ही पायावर बोलणार आहोत. हसू नका. पताका, वीणा, मृदंग, टाळ हे सगळं खरंच, पण आळंदी ते पंढरपूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर ही सगळी दौलत शंभर वर्षं कोणी वाहून नेली? पायांनीच ना? आणि त्या पायाची आपण जेवढी हेळसांड करतो तेवढी आपण बैलाचीसुद्धा करत नाही. हे आम्ही स्वतःवरून सांगतो.

2022 सालची गोष्ट. 2020 आणि 2021 ला कोरोनामुळं पायी वारी झाली नव्हती, माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या. दोन वर्षांचा उपवास सुटणार म्हणून सगळ्यांचा जीव नुसता आळंदीकडं लागला होता. 21 जूनला प्रस्थान होतं. त्याच्या बारा दिवस आधी आम्ही खताच्या गोण्या ट्रॉलीतून उतरवून घरात रचत होतो. पन्नास किलोची गोणी पाठीवर, ओट्याची पायरी उंच. डाव्या पायाच्या चवड्यावर सगळा भार आला आणि पोटरीत आतल्या बाजूला दाभण टोचावा तशी कळ आली. तेव्हाच गोणी खाली टाकायची होती. पण समोर दोन तरणी पोरं उभी. आम्ही आणखी चार गोण्या वाहिल्या.

संध्याकाळी पोटरी ताठली. शेजारचे आले, म्हणाले शीर चढली. वीट तापवून शेक दिला आणि गरम तेलानं अशी रगडली की डोळ्यांत पाणी आलं. रगडणाऱ्याचा जीव चांगला होता, त्याला दोष नाही, त्याच्या बापानं त्याला तसंच शिकवलं होतं. सकाळी पाय जास्त सुजला. मग चार-पाच दिवस खाटेवर पडलो. सहाव्या दिवशी दुखायचं जवळजवळ थांबलं. आम्ही म्हटलं, झालं, पांडुरंगानं ऐकलं. तरी आळंदीला जाईपर्यंत पाय जपायचा म्हणून मळ्यातसुद्धा गेलो नाही. आंघोळीला उठायचं आणि परत बसायचं.

आता बघा, काय केलं आम्ही. पहिल्या दिवशी जखमी मांस रगडलं. नंतर आठ-दहा दिवस पायाला निजवून ठेवलं. आणि तेराव्या दिवशी त्याच पायाला आळंदी ते पुणे जुंपलं. पावसाळाभर दावणीला बांधलेला बैल कोणी पहिल्याच दिवशी दिवसभर नांगराला धरतो का? त्याला आधी वखराला, थोडा वेळ, मऊ रानात. हे आम्हाला कळतं. पण पाय आपला, तो काही बोलत नाही.

बोलत नाही हेही खोटंच. तो बोलला होता. पुण्यात पोचलो त्या रात्री पोटरी ओढ देत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पहिली पन्नास पावलं लंगडलो. पाय गरम झाला की दुखणं कळेनासं व्हायचं, म्हणून आम्ही समजायचो की चालल्यानं बरं वाटतंय. गोळी घेतली, झोपलो. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाट, आणि तिथीच अशी की त्या दिवशी एकादशी असते. पोटात थोडी साबुदाण्याची खिचडी आणि दुखण्याची गोळी, गळ्यात वीणा. घाट अर्धा चढलो, गजर रंगात आला, पोरं पावल्या खेळायला लागली. आम्ही वीणेकरी. आम्हालाही राहवलं नाही, चवड्यावर उडी घेतली.

मागून कोणीतरी पताकेची काठी हाणली असं वाटलं. चिडून मागं बघितलं तर मागं कोणीच नव्हतं. पोटरीच फाटली होती.

वीणा खाली ठेवायची नसते, हे तुम्हाला सांगायला नको. आम्ही एका पायावर उभे, आणि ती वीणा उतरवून घ्यायला एक तरणा पोरगा पुढं आला, आधी माझ्या पाया पडला. त्याला पाया पडून देताना आम्हाला काय वाटलं ते कीर्तनात कधी सांगितलं नाही, आज सांगतो. पायाच्या कळेपेक्षा ती वीणा गेल्याची कळ मोठी होती. इतकी वर्षं वागवून ती वीणा आपली आहे असं आम्हाला वाटायला लागलं होतं. वीणा दिंडीची असते. असो, तो विषय आज नाही.

सासवडला मुक्कामाच्या जागी डॉक्टरांनी पाय बघितला. म्हणाले, बाबा, पहिली जखम किरकोळ होती, दोन-तीन आठवड्यांची. तुम्ही ती दीड-दोन महिन्यांची करून आणली. आम्ही म्हटलं, गोळी द्या, पट्टी बांधा, सावकाश जातो. ते म्हणाले, गोळी देतो, ती रात्री झोप लागावी म्हणून. चालता यावं म्हणून गोळी घ्याल तर पाय ओरडेल आणि तुम्हाला ऐकू येणार नाही.

आम्ही तिथून परत आलो. आषाढी एकादशीला, 10 जुलैला, आम्ही घरच्या ओट्यावर पाय उशीवर ठेवून बसलो होतो, ज्या पायरीवर दुखावलो तीच समोर. कारभारणीनं चहा आणून ठेवला आणि म्हणाली, अरणच्या सावता महाराजांनी मळा सोडला नाही, तर देवच त्यांच्याकडं आला असं तुम्हीच सांगता ना? आमच्याच कीर्तनातला दाखला आमच्यावर उलटवला. त्या वेळी राग आला. पण चहा प्यालो.

तर त्यानंतर तालुक्याला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई भेटल्या, आमच्या लेकीच्या वयाच्या. आमचं शिक्षण चौथी, त्यांनी आम्हाला आमच्या भाषेत समजावलं, म्हणून तुम्हालाही समजेल. मांस म्हणजे धाग्यांनी वळलेला सोल. किरकोळ चमक म्हणजे त्यातले थोडे धागे तुटलेले, सोल शाबूत. शरीर त्या जागी आधी कच्चा सांधा धरतं. तो सांधा काही दिवसांत दुखायचा थांबतो, पण तो असतो कच्चा. त्याला पक्का करायला दोनच गोष्टी लागतात, दिवस आणि हळूहळू वाढवत नेलेली ओढ. नुसते दिवस दिले आणि ओढ दिली नाही तर पाय बारीक आणि कमजोर होतो. एकदम ओढ दिली तर सांधा सुटतो. आम्ही दोन्ही केलं होतं, आधी एक, मग दुसरं.

आपल्याकडं पायाच्या सगळ्या दुखण्याला शीर चढली म्हणतात, तिथूनच घोटाळा सुरू होतो. रात्री झोपेत किंवा चालून थकल्यावर पोटरीत गोळा येतो, मांस दगडासारखं होतं, पाऊल वर ओढून धरलं, पाणी प्यालं की सुटतं, तो गोळा. त्याला घाबरायचं कारण नाही. घोटा वाकडा पडून सुजतो ते मुरगळणं, ते सांध्याचं. आणि जोर लावताना, पळताना, उडी घेताना एका ठरावीक जागी कळ येते, बोट ठेवून ती जागा दाखवता येते, तिथं दाबलं की दुखतं, ताणलं की दुखतं, ती चमक. चमकेला गोळ्यासारखं ओढून ताणायचं नाही आणि रगडायचं तर मुळीच नाही.

चमक भरली की पहिलं काम थांबणं. चालतं अंग असताना कळत नाही, म्हणून तिथंच थांबायचं. पहिले दोन-तीन दिवस शेक नको, मालीश नको, कारण आत बारीक रक्त आलेलं असतं, उष्णतेनं आणि रगडण्यानं ते वाढतं. त्याऐवजी थंड. बर्फ मिळाला तर ओल्या पंचात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ नुसता कातडीवर ठेवायचा नाही, कातडी भाजते. ज्यांना साखरेचा आजार आहे आणि पायाला बधिरपणा आहे त्यांनी बर्फाच्या नादी लागू नये, त्यांना भाजलेलं कळणार नाही. बर्फ नसला तर माठातल्या पाण्यात भिजवलेला पंचा. वर लवचिक पट्टी बांधायची, पण बोटं निळी पडली, मुंग्या आल्या तर सैल करायची. बसताना पाय उंचावर. आणि त्या दोन-तीन दिवसांत दारू नाही. माळकऱ्यांना हे सांगायला नको, पण ऐकणाऱ्यांत सगळेच माळकरी नाहीत, आम्हाला दिसतंय.

पण थांबणं म्हणजे खाट नाही. ही गोष्ट आम्ही चुकलो होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पडल्या पडल्या पाऊल वर-खाली करायचं, कळ येणार नाही एवढंच. घरातल्या घरात चालायचं, लंगडावं लागत असेल तर काठी घ्यायची. लंगडत चालू नका, काठी घेऊन सरळ चाला. लंगडं चालून आमचा दुसरा गुडघा आणि कंबर दुखायला लागली होती, ते निस्तरायला आणखी पंधरा दिवस गेले.

मग किती चालायचं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दहापैकी दोन-तीन दुखलं तर चालेल. आम्हाला ते दहापैकी काही उमजेना. मग आम्हीच आण्याचा हिशोब बसवला आणि त्यांनाही तो पटला. सहन होण्यासारखं नाही ते दुखणं रुपाया धरा. चालताना चार आण्यापर्यंत दुखलं तर चालू द्या. आठ आण्याला गेलं की तिथंच थांबा. आणि खरा निकाल संध्याकाळी लागत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं, कालच्यापेक्षा जास्त दुखलं नाही, जास्त ताठलं नाही, तर कालचं काम पचलं. जास्त दुखलं तर काल जास्त झालं, आज एक पायरी खाली या. गाईला नवा चारा घातल्यावर आपण शेण बघतो ना, तसं.

आम्ही पहिल्या आठवड्यात घरापासून मारुतीच्या पारापर्यंत जात होतो, सपाटीवर, दिवसातून दोनदा. मग शाळेपर्यंत. मग मळ्यापर्यंत, पण बांधावरून नाही, वाटेनं. ढेकळात आणि बांधावर पाय वाकडा पडतो. एक दिवस अंतर वाढवायचं, दुसऱ्या दिवशी तेवढंच ठेवायचं. अंतर वाढवलं त्या दिवशी वेग वाढवायचा नाही, चढ घ्यायचा नाही. एका दिवसाला एकच वाढ. हे फार साधं वाटतं, पण माणूस तिथंच चुकतो, बरं वाटलं की सगळंच वाढवतो.

चालण्याबरोबर टाचा उचलायचा व्यायाम. हा माझ्या मते सगळ्यात मोठा, म्हणून करून दाखवतो. हे असं दाराच्या चौकटीला धरायचं, दोन्ही पायांवर उभं राहायचं, टाचा सावकाश वर, चवड्यावर यायचं, आणि त्याहून सावकाश खाली. खाली येताना धपकन यायचं नाही, खाली सावकाश येण्यातच पोटरीची ताकद आहे. आम्ही पाचपासून सुरुवात केली. टाळकरी मोजतात तसं मोजायचो. वीस सहज व्हायला लागले की मग दोन्ही पायांनी वर आणि एका दुखऱ्या पायानं खाली. मग एकाच पायावर वर-खाली. आता गंमत ऐका. दुखणं पूर्ण थांबून आठवडा झाला होता, आम्ही मनात म्हणत होतो, उगाच ही पोरगी आपल्याला शाळेत घालतेय. तिनं एका पायावर टाचा उचलायला सांगितल्या. चांगल्या उजव्या पायावर वीस झाले. डाव्यावर सहा झाले, सातव्याला टाच वरच जाईना. दुखत काहीच नव्हतं. त्या दिवशी आम्हाला दिवे घाट कळला. आम्ही दुखणं गेलं म्हणून निघालो होतो, आणि पाय तर निम्मासुद्धा आला नव्हता.

म्हणून आम्ही आता कोणाला विचारत नाही, दुखतंय का? आम्ही म्हणतो, चौकट धर आणि करून दाखव. दोन्ही पायांचा आकडा जवळजवळ सारखा आला, तासभर झपाझप चालून दुसऱ्या सकाळी पाय मोकळा राहिला, चढ-उतार झाला, तर मग हळू धावणं. हळू धावणं पचलं तर जोरात. उड्या, फुगड्या, पावल्या सगळ्यात शेवटी. शेतातही तसंच. आधी रिकाम्या हातानं, मग पाटी, मग गोणी.

आणि सुरुवातीला अंग गरम केल्याशिवाय जोर नाही. पहाटे गार अंगानं उठून एकदम झपाझप निघू नये. पहिली दहा मिनिटं हरिपाठाच्या संथ चालीनं चालावं. पाय ताणायचा तर चालून झाल्यावर, गरम असताना, हळूच, झटके न देता. मालीश करायचीच असेल तर सूज उतरल्यावर, आठवड्यानंतर, हलक्या हातानं. ज्यांनी माझा पाय रगडला होता ते समोरच बसलेत, मान हलवतायत, म्हणजे पटलं.

कीर्तनकार मंडळींना एक सांगतो. त्या चातुर्मासात आमची कीर्तनं ठरलेली होती. कीर्तन उभं राहूनच करायचं, दोन तास, त्यात गजराला पाय थांबत नाहीत. आम्ही त्या गावांना निरोप धाडला, यंदा प्रवचन करू. प्रवचन बसून असतं. काही गावं हिरमुसली. एका ठिकाणी कोणी म्हणालं, बुवा म्हातारे झाले. ऐकून घेतलं. महिन्याभरानं अर्धा तास उभं राहून बोललो, मग तासभर, मग पूर्ण कीर्तन. कार्तिकीला एसटीनं गेलो. पुढच्या आषाढीला पायी गेलो, दिवे घाट चढलो, वीणा त्या पोराच्याच गळ्यात होती, आम्ही टाळ घेतला होता.

आता दुसरी गोष्ट, तीही आपल्याच दिंडीतली. नाव घेत नाही, पोरगा इथंच बसलाय. पुरंदावड्याचं गोल रिंगण झालं, अश्व धावले, पोरांना स्फुरण चढलं. हा पळत सुटला आणि मांडीच्या मागं चमक भरली. बावीस वर्षांचा गडी, मांडी धरून बसला. आम्ही त्याला उठून चालायला लावलं नाही. चौकशी केली. फट असा आवाज आला का? नाही. पायावर भार देता येतो का? येतो. काळं-निळं पडलंय का? नाही. म्हणजे किरकोळ. बर्फाच्या गोळेवाल्याकडून बर्फ घेतला आणि त्याला सामानाच्या ट्रकमध्ये बसवला. रडला हो. म्हणाला, बाबा, उद्या वेळापूरचा धावा आहे. तुकोबारायांना तिथल्या टेकावरून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले अशी आपली श्रद्धा, म्हणून तिथं सगळे धावतात. आम्ही म्हटलं, त्यासाठीच बसवतोय. मांडीच्या मागची चमक धावतानाच परत फाटते.

माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, चारही मुक्काम तो ट्रकनंच गेला. पण मुक्कामाला आम्ही त्याला झोपू दिलं नाही. तंबूभोवती फिरवायचो, पहिल्या दिवशी दोन फेऱ्या, मग चार, मग रस्त्यानं थोडं लांब. उताणा निजून गुडघे वाकवून कंबर वर उचलायला लावायचो, तेवढंच. बाजीराव विहिरीचं रिंगण त्यानं बसून बघितलं. दशमीला वाखरीहून पंढरपूरपर्यंतची चाल, ती तो चालला, रांगेत, संथ, एकही उडी न मारता. त्याच्या आधीच्या सकाळी चाचणी घेतली होती. पण गावी आल्यावर पुन्हा तीन आठवडे त्याला क्रिकेट बंद केलं, हे त्याला वारीपेक्षा जड गेलं. आज तो सगळ्यांच्या पुढं पळतो.

त्या पोराला ट्रकमध्ये बसायची लाज वाटत होती, म्हणून हे बोलतोय. आपल्याकडं ट्रकमध्ये बसलेल्याकडं लोक बघतात, कुजबुजतात, नेम मोडला म्हणतात. अहो, माउलींच्या पादुका दोन वर्षं एसटीत बसून गेल्या. पादुकांना एसटी चालते आणि आपल्या पोटरीला ट्रक चालत नाही? दोन मुक्काम बसून गेलेला माणूस पंढरपूरला पोचतो. आमच्यासारखा लाजेनं चाललेला सासवडहून घरी येतो.

वय झालेल्यांना गोळीबद्दल परत सांगतो. दुखण्याची गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही. ज्यांना रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू आहेत, ज्यांच्या मूत्रपिंडाला त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. वारीत घाम जातो, पाणी कमी पडतं, वर एकादशी. पाणी पीत जा. बायका वाटेत आडोसा मिळत नाही म्हणून पाणी पीत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. त्यासाठी यंदा काय करता येईल ते चालकांनी बघावं, आम्ही त्यांना सांगितलंय.

आणि काही गोष्टी अशा की तिथं बर्फ, पट्टी, चौकट काही करत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. फट असा आवाज आला आणि चवड्यावर उभंच राहता येईना, टाचेच्या वर खळगा लागतो, तर टाचेची दोरीच तुटलेली असू शकते. पायावर भारच देता येत नाही. पाय बधिर पडला, गार पडला. काळं-निळं झपाट्यानं पसरलं. किंवा कुठं जोर लावला नाही, पडलो नाही, तरी एकच पोटरी सुजली, गरम झाली, लाल झाली, दुखते. ही शेवटची नीट ऐका. ती चमक नसते, आत रक्ताची गाठ झालेली असू शकते. ती रगडायची तर मुळीच नाही. त्यात धाप लागली, छातीत दुखलं तर एक मिनिटही न थांबता दवाखाना, वारीत रुग्णवाहिका असतात, 108 ला फोन लावायचा. आणि साधी चमक असली तरी आठवड्यात काहीच उतार नसला तर दाखवावं.

प्रस्थानाला महिना आहे. पेरणीच्या गडबडीत पाय दुखावून घेऊ नका, गोणी दोघांनी धरा. ज्यांना आत्ताच कुठं चमक भरली आहे त्यांनी लपवू नका. चार जण लपवतायत, आम्हाला त्यांची नावं माहीत आहेत, त्यातल्या दोन बायका आहेत. आम्ही कोणाला वारीला येऊ नको म्हणणार नाही. त्यांनी उद्या सकाळी आमच्या ओट्यावर यावं, चौकट आहे.

उद्यापासून रोज संध्याकाळी काकड्याच्या घंटेखालून, म्हणजे इथूनच, आम्ही चालायला निघणार आहोत. पहिला आठवडा शाळेपर्यंत आणि परत. दुसरा आठवडा ओढ्यापर्यंत. तिसऱ्याला खंडोबाच्या टेकाचा चढ. शेवटचे चार दिवस कमी करायचं, पाय ताजा ठेवायचा. वारीत जी पायताणं घालणार तीच घालून यायचं, नवीकोरी घालून आळंदीला कोणी येऊ नये. टाळ आणले तरी चालतील. ट्रकमध्ये यंदा सामान कमी करून दोन माणसांच्या बसायच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत, गादी टाकली आहे. त्या कोणासाठी राखीव नाहीत. ज्याला लागेल त्यानं न विचारता बसावं, पहिला मान आमचा असला तरी चालेल.

चला, फराळ गार होतोय. रामकृष्ण हरी.